जखमेचे गुण किती?

समाजकार्याच्या पदव्युत्तर प्रवेशाचे दिवस आले, की माझ्याकडे चार-दोन हेतुपत्रं, म्हणजे या क्षेत्रात का यायचंय हे सांगणारे अर्जासोबतचे निबंध, वाचायला येतात. कुणी ओळखीतून येतं, कुणी पूर्वी माझ्या हाताखाली क्षेत्रकार्य, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून संस्थेत प्रत्यक्ष काम, केलेलं असतं. "ताई, जरा नजर टाका," एवढंच म्हणणं असतं. मी या कामात वीसेक वर्षं काढली, त्यातली बरीचशी विद्यार्थ्यांची सुपरव्हायजर म्हणून. त्यामुळे नजर टाकायचा अधिकार मला आहे असं या मुलांना वाटतं. अलीकडे मात्र ही पत्रं उघडायला हात धजत नाही. पहिल्या परिच्छेदात काय असणार हे आधीच ठाऊक असतं. वडिलांचं व्यसन. आईचं आजारपण. घरातली मारहाण. भावाने संपवलेलं आयुष्य. आणि चौथ्या-पाचव्या ओळीला ठरलेलं वळण : 'या अनुभवानेच मला इतरांसाठी काही करण्याची प्रेरणा दिली.'

हे खोटं असतं असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा खरंच असतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

गेल्या खेपेला एका मुलीचा मसुदा आला. ती वाचनालयात काउंटरवर नोकरी करते. दोन पानांतलं दीड पान वडिलांच्या दारूवर. भाषा नेटकी, कुठे रडगाणं नाही. तरी वाचताना सारखं वाटत राहिलं, की हे तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलंय. मग दुसऱ्या पानाच्या मध्यावर, जाता जाता सांगितल्यासारखं, एक प्रसंग. वाचनालयात एक म्हातारे गृहस्थ रोज एक पत्र घेऊन यायचे आणि "एवढं वाचून दाखवता का" म्हणायचे. रोज तेच पत्र. पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की ती वाचत असताना त्यांचे ओठ हलतायत, आणि तिच्यापेक्षा अर्धा शब्द पुढे हलतायत. त्यांना वाचता येत होतं. ते पत्र त्यांना दुसऱ्याच्या आवाजात ऐकायचं होतं. तिने काही दर्शवलं नाही. सहाव्या दिवशीही वाचून दाखवलं, फक्त जरा सावकाश.

मी म्हटलं, "हे वर घे. इथून सुरुवात कर. वडिलांचं सगळं काढून टाकलंस तरी चालेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिची गुणपत्रिकाच फाडायला सांगत होते. "पण ताई, यात माझं दुःख कुठंय?"

हा प्रश्न त्या मुलीचा नव्हे, तो तिला शिकवला गेलाय. अर्जात सहसा विचारलेलं असतं, की तुम्हाला या क्षेत्राकडे वळवणारा व्यक्तिगत अनुभव सांगा, तुम्ही कोणत्या अडचणींवर मात केलीत ते लिहा. शब्द प्रत्येक ठिकाणी निराळे, पण अर्जदाराला जे ऐकू जातं ते एकच : जखम दाखवा. मग ज्याची जखम मोठी तो पुढे, असा हिशेब मुलं आपापसांत मांडतात. एकीने मला सरळ विचारलं होतं, "माझ्या घरी तसं सगळं ठीकच होतं. मग मी काय लिहू?" आपलं बालपण बरं गेलं याची तिला लाज वाटत होती. असली लाज कुठल्या अभ्यासक्रमाच्या दारात वाटावी, तर समाजकार्याच्या!

माझं म्हणणं साधं आहे. या अर्जात जे विचारू नये ते विचारलं जातं, आणि जे आधी सांगायला हवं ते दडवलं जातं. दुखण्याची चौकशी होते. आणि पुढची दोन वर्षं हा माणूस बिनपगारी काम करून जगणार कसा, हे कुणी विचारतही नाही, सांगतही नाही.

विचारू नये असं मी म्हणते ते भाबडेपणाने नव्हे. आमच्याच पेशाच्या नियमांचा आधार घेऊन म्हणते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय समाजकार्यकर्ता संघटनेच्या आचारसंहितेत गोपनीयतेचं कलम आहे. सेवार्थींकडून, म्हणजे आपल्याकडे मदतीसाठी येणाऱ्यांकडून, खासगी माहिती काढू नका, व्यवसायाच्या दृष्टीने तसंच सबळ कारण असेल तरच विचारा, असा त्याचा आशय. ही संहिता १९९६ साली आजच्या रूपात आली, पुढे तिच्यात वेळोवेळी भर पडली, पण हे तत्त्व ढळलेलं नाही. पहिल्या सत्रात हे शिकवतात, परीक्षेत विचारतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी स्वतः बजावलंय : गृहभेटीला गेलात तर नवरा मारतो का हे पहिल्या भेटीत विचारायचं नाही, कशासाठी विचारतोय हे आधी सांगायचं, समोरचा नको म्हणाला तर थांबायचं. मग हेच विद्यार्थी अर्जदार म्हणून उंबऱ्याशी उभे होते तेव्हा आम्ही काय केलं? न भेटलेल्या, न पाहिलेल्या चार परीक्षकांसमोर त्यांना घरातलं सगळं मांडायला लावलं. कशासाठी ते सांगितलं नाही. त्याला गुण किती तेही नाही. निवड झाली नाही तर त्या कागदांचं पुढे काय होतं, हेही नाही.

कुणी म्हणेल, अर्जदार हा सेवार्थी नव्हे, त्याला संहिता लागू होत नाही. कायद्याने नसेल. पण ज्या पेशाचं सगळं बळ माणसाला त्याच्या मर्जीने बोलू देण्यात आहे, त्याची पहिली ओळखच अशी व्हावी?

यामागे इतिहास आहे, आणि तो फारसा गौरवाचा नाही. १८६९ साली लंडनमध्ये चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली. तशीच संस्था १८७७ मध्ये अमेरिकेत बफेलोला सुरू झाली आणि मग शहराशहरांत पसरली. दानधर्म वाटेल तसा होऊ नये, एकाच माणसाने चार ठिकाणांहून मदत उचलू नये, म्हणून या संस्था मदत मागणाऱ्यांची नोंद ठेवत, चौकशी करत, आणि त्यांची वाटणी दोन गटांत करत : मदतीला पात्र गरीब आणि अपात्र गरीब. जो कष्टाळू, निर्व्यसनी, निव्वळ दैवाने फटका दिलेला, तो पात्र. बाकीचे आपल्या कर्माने बुडालेले. मदत मागायला आलेल्या माणसाला तिथेही 'अर्जदार'च म्हणत. दाराशी आलेल्याने आपली कहाणी अशी सांगायची, की दुःख तर पुरेसं दिसेल पण दोष दिसणार नाही. लाचारी दिसेल, पण उठून उभं राहायची उमेदही दिसेल. आजचं हेतुपत्र वाचा. साचा तोच आहे. जखम हवी, पण भरत आलेली. ओली असेल तर 'अजून तयारी नाही' म्हणतात, दिसतच नसेल तर 'आत्मभान कमी'. दीडशे वर्षांपूर्वी आमच्या पेशाने गरिबांना ज्या चाळणीतून काढलं, तीच आता स्वतःत येऊ पाहणाऱ्यांना लावलीये.

घरोघरी जाऊन ही चौकशी कोण करायचं? बहुतेक सुखवस्तू घरच्या बायका, पगार न घेता. त्यांना 'मैत्रीपूर्ण भेटकर्त्या' म्हणत. ज्यांची चूल या कामावर पेटायची नाही, त्यांनाच हे काम परवडे. हे लक्षात ठेवा, मी या मुद्द्याकडे परत येणार आहे.

या गोतावळ्यातच मेरी रिचमंड होती. जन्म १८६१चा. आई लहानपणीच गेली, आजी आणि मावश्यांनी बाल्टिमोरमध्ये वाढवलं. सोळाव्या वर्षी शाळा संपली आणि कॉलेजचं तोंड तिने कधी पाहिलं नाही. कारकुनी केली, हिशेब ठेवले. १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या अशाच संस्थेत ती लागली तीही खजिनदाराची सहायक म्हणून. याच बाईने १८९७ साली टोरांटोच्या परिषदेत या कामाचं रीतसर शिक्षण देणारी शाळा हवी, असा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला, आणि त्यातूनच आजची कोलंबिया विद्यापीठाची समाजकार्य शाळा वाढली. १९१७च्या तिच्या 'सोशल डायग्नोसिस' या पुस्तकाने केसवर्कला, म्हणजे एकेका माणसासोबत वा कुटुंबासोबत करायच्या कामाला, पद्धत दिली. जिने समाजकार्याच्या शिक्षणाचा पाया घातला, तिला आजच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्जसुद्धा करता आला नसता, पदवीच नव्हती. मात्र हेतुपत्र लिहायला बसली असती तर आई गेल्याची गोष्ट तिच्याजवळ होती. परीक्षकांनी डोळे पुसत तिला पूर्ण गुण दिले असते, आणि तिचं हिशेब ठेवण्याचं, पुरावा तपासण्याचं डोकं, ज्यावर पुढे सगळं उभं राहिलं, त्याला कदाचित रकानाच नसता.

आता अर्जातल्या या कहाणीवरचं ओझं आणखी वाढलंय, आणि त्याचं एक कारण न्यायालयातून आलं. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा थेट विचार करण्याची हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांची पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्याच निकालात मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी एक खिडकी उघडी ठेवली : वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने स्वतः लिहिलं, तर विद्यापीठ ते विचारात घेऊ शकतं. म्हणजे व्यवस्थेने पिढ्यान् पिढ्या जे केलं, त्याची भरपाई व्यवस्थेच्या नियमाने करायची नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तो निबंधात रंगवून सांगायचा. काळ्या अर्जदाराने अपमानाचा प्रसंग लिहायचा, गोऱ्याने लिहिला नाही तरी चालेल. हक्काची गोष्ट कैफियतीवर आणून ठेवली.

यावर येणारा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. समाजकार्यात भोगलेल्याची नजर हवी, असं कित्येक वर्षं आम्हीच ओरडून सांगतोय. तुरुंगातून आलेला, व्यसनातून सुटलेला, अनाथाश्रमात वाढलेला माणूस जे पाहतो, ते पुस्तकातून येत नाही. त्याच्या तोंडाला कुलूप लावायचं का? मराठी वाचकाला तर हे वेगळं सांगायला नको. आपल्या आत्मकथनांनी जे केलं ते मोठमोठ्या अहवालांना जमलं नाही. स्वतःचं जगणं स्वतःच्या भाषेत मांडणं हेच बंड होतं.

होतंच. पण ते लिहिणाऱ्यांनी कुणाला गुण मागितले नव्हते. किती सांगायचं, कुणाचं नाव घ्यायचं, शिवी कुठे द्यायची, हे त्यांनी ठरवलं. शेवटी 'यातून मी खूप शिकलो' असं म्हणायची सक्ती त्यांच्यावर नव्हती. प्रवेशाच्या कागदावर दोन्ही गोष्टी उलट्या होतात : सांगायचं ते परीक्षकाला पचेल एवढं, आणि शेवट गोड. ज्याला सांगायचंय त्याने जरूर सांगावं, त्यासाठी जागा असावी. फक्त ती ऐच्छिक असावी, आणि तिला गुण नसावेत.

दुसरंही एक आहे. भोगणं आणि भोगलेल्यातून शहाणं होणं यांत अंतर असतं, आणि ते निबंधात कळत नाही. माझ्या हाताखाली एक विद्यार्थी होता. त्याचं हेतुपत्र म्हणे संस्थेत नमुना म्हणून दाखवायचे, इतकं हृदयस्पर्शी. क्षेत्रकार्यात त्याला कुणी आपलं दुःख सांगायला लागलं, की तिसऱ्या मिनिटाला हा स्वतःचं सांगायला लागायचा. समोरची बाई त्याचंच सांत्वन करून घरी जायची. त्याला दोष देत नाही मी. आपली कहाणी हेच आपलं भांडवल, हे त्याला कुणी शिकवलं? पहिल्याच कागदाने.

आणि आता या निबंधाचा उरलासुरला अर्थही संपत आलाय. चार मुद्दे दिले की यंत्र अर्ध्या मिनिटात असं दुःख लिहून देतं, की खऱ्याने मान खाली घालावी. माझ्याकडे आलेल्या दोन पत्रांत एकच वाक्य शब्दशः होतं. दोघी एकमेकींना ओळखत नाहीत.

मग पर्याय काय, वस्तुनिष्ठ परीक्षा? मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. तिथेही २०२४ पासून पहिली चाळणी सीयूईटी-पीजी या देशव्यापी परीक्षेची झाली. अशा परीक्षेला एक गुण आहेच, ती कुणाच्या घरात डोकावत नाही. पण चारांतला एक पर्याय निवडण्याच्या वेगावरून म्हाताऱ्याचे ओठ पाहणारी मुलगी सापडायची नाही. शिफारसपत्रांबद्दल तर बोलायलाच नको : जो शिकता शिकता नोकरी करत होता, वर्ग संपला की धावत सुटायचा, त्याला प्राध्यापक नावाने ओळखत नाहीत. त्याला मिळतं ते तीन ओळींचं पत्र, आणि ज्याला प्राध्यापकांच्या खोलीत बसायला वेळ होता त्याला दोन पानांचं.

पटेल अशी एक रीत इंग्लंडमध्ये आहे. तिथे २००३ साली समाजकार्याची नवी पदवी सुरू झाली तेव्हापासून, सेवा घेतलेल्या माणसांना आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांना शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यात, निवडीतसुद्धा, सामील करून घेण्याचा दंडक आहे. आजची नियामक संस्था सोशल वर्क इंग्लंड हीदेखील तो मानकांतून लावते. म्हणजे मुलाखतीच्या टेबलापलीकडे प्राध्यापकाच्या शेजारी अशी बाई बसलेली असू शकते, जिच्या दारात कधीकाळी समाजकार्यकर्ता फाईल घेऊन उभा राहिला होता. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. भोगलेल्याची नजर हवी ना? मग ती टेबलाच्या पलीकडे, निवडणाऱ्याच्या खुर्चीत ठेवा. कुणी बोलताना डोळ्याला डोळा देत नाही, कुणी वाक्य तोडतं, कुणाला कीव येते, हे तिला पहिल्या दोन मिनिटांत कळतं. तिच्यासमोर आपली जखम विकायला अर्जदाराचीही जीभ रेटत नाही.

तिच्या जोडीला प्रसंग द्या. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकीय प्रवेशासाठी या शतकाच्या सुरुवातीला छोट्या छोट्या अनेक मुलाखतींची पद्धत काढली : अर्जदार एकेका टेबलाशी काही मिनिटं थांबतो, प्रत्येक ठिकाणी वेगळा पेच आणि वेगळा परीक्षक. असा पेच समाजकार्यासाठी रचायला बुद्धी पणाला लावावी लागत नाही. एक म्हातारा रोज तेच पत्र वाचायला आणतो, तुम्ही काय कराल? यावर कुणी 'डोळे तपासायला पाठवीन' म्हणेल, कुणी 'साक्षरता वर्गात नाव घालीन' म्हणेल. कुणी विचारेल, 'पत्र कुणाचं आहे?' मला हा तिसरा हवा. आणि त्याचे वडील काय करत होते, याच्याशी मला कर्तव्य नाही.

जिथे खासगी विचारणं खरंच गरजेचं आहे तिथे विचाराच. मुलांसोबत, आजाऱ्यांसोबत काम करणाऱ्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासलीच पाहिजे. पण तिथे कारण सांगितलेलं असतं, कोण वाचणार ते ठरलेलं असतं, आणि त्याला कुणी निबंध म्हणत नाही.

आता खिशाचं. अर्जात हा विषय येत नाही म्हणून मीच काढते.

समाजकार्याची पदवी वर्गात अर्धीच मिळते, उरलेली क्षेत्रकार्यात. अमेरिकेत समाजकार्य शिक्षण परिषदेच्या मानकांप्रमाणे पदव्युत्तर विद्यार्थ्याला किमान ९०० तास क्षेत्रकार्य करावं लागतं. ऑस्ट्रेलियात १,००० तास. इंग्लंडमध्ये हिशेब दिवसांचा, २०० दिवस, त्यांतले १७० प्रत्यक्ष संस्थेत. ९०० तास म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही. आठवड्याला दोन पूर्ण दिवस, सोळा तास, दिले तर छप्पन्न आठवडे होतात. म्हणजे वर्षाहून जास्त काळ आठवड्यातले कामाचे दोन दिवस गेले. शिवाय वर्ग, शिवाय अहवाल लेखन, शिवाय येण्याजाण्याचा खर्च. आणि बहुतेक ठिकाणी याचा मोबदला शून्य. उलट त्या तासांची फी विद्यार्थीच भरतो. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, फरक एवढाच की इथे भाकऱ्या भाजायची परवानगीही विकत घ्यावी लागते.

मी सुपरव्हायजर म्हणून या व्यवस्थेचा फायदा घेतलाय, हे कबूल करायला हवं. आमच्या संस्थेत वर्षानुवर्षं दोन जागा रिकाम्या होत्या, आणि त्या भरायची निकड कुणाला वाटली नाही. दरवर्षी चार विद्यार्थी येत. गृहभेटी तेच करत, नोंदी तेच लिहीत. त्यांच्यातली एक रात्रपाळी करून सकाळी नऊला हजर व्हायची. एकदा गटबैठकीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. मी तिच्या मूल्यमापनात 'व्यावसायिक सजगता वाढवणे आवश्यक' असं लिहिलं. आज ते वाक्य आठवलं की माझीच मला चीड येते. सजगता कुणाची कमी होती?

गळती होते ती इथे. पहिल्या सत्रात नाही, कारण तेव्हा उमेद असते, उधारीही मिळते. दुसऱ्या वर्षी, तासांचा बोजा वाढला की नोकरी सोडायची का अभ्यासक्रम, हा प्रश्न येतो. आणि सुटतं कोण, तर तेच, ज्यांची कहाणी वाचून परीक्षक गहिवरले होते. गरिबीत वाढलेल्याची नजर हवी म्हणून त्याला आत घेतलं, आणि आत आल्यावर अशी अट घातली जी गरिबाला झेपणारच नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या बिनपगारी भेटकर्त्या बायका आठवा. चाळणी बदलल्यासारखी वाटते, पण खाली उरतात ते पुन्हा तेच, ज्यांना घरून पोसणारं कुणी आहे.

हे बदलता येत नाही असं सांगतात, पैसा कुठून आणायचा म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने १ जुलै २०२५ पासून शिक्षक, परिचारिका, सुईणी आणि समाजकार्यकर्ते होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना सक्तीच्या क्षेत्रकार्याच्या काळात आठवड्याला भत्ता द्यायला सुरुवात केली. तो उत्पन्न पाहून मिळतो, सगळ्यांना नाही, आणि पगाराइतका तर नाहीच. पण पदवीसाठी केलेलं काम हेही काम आहे, हे एका सरकारने मान्य केलं. अमेरिकेत विद्यार्थ्यांनीच याच मागणीसाठी संघटना उभारल्या. तिथल्या २०२२ च्या मानकांनी आणखी एक वाट मोकळी केली : विद्यार्थी जिथे नोकरी करतो तिथेच, शिकण्याची उद्दिष्टं पूर्ण होत असतील तर, क्षेत्रकार्य मोजता येतं. याला सरकारची तिजोरी लागत नाही. विभागप्रमुखाने फाईलवर सही करायची तयारी लागते, आणि सुपरव्हायजरने थोडा जास्त व्याप घ्यायची.

भत्ता देणं हातात नसेल, तर निदान सांगणं तरी आहे. माहितीपत्रिकेच्या पहिल्या पानावर विद्यार्थ्यांचे हसरे फोटो असतात. तिथेच लिहा : एकूण तास इतके, वेळ दिवसाची, आठवड्याचे अमुक वार, मोबदला नाही, प्रवासखर्च तुमचा, नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी सोय आहे किंवा नाही, गेल्या वर्षी कितींनी मधेच सोडलं. हा शेवटचा आकडा छापायला कुणी तयार होणार नाही, हे मला माहीत आहे. पण मग अर्जदाराकडून त्याच्या घरातलं सगळं मागताना आपलं कपाट मात्र बंद ठेवायचं, याला काय म्हणायचं?

त्या वाचनालयातल्या मुलीने शेवटी माझं अर्धं ऐकलं. पत्राची गोष्ट वर घेतली, वडील दोन ओळींत आणले. पूर्ण काढायचा धीर झाला नाही, आणि मीही जोर केला नाही. प्रवेश तिचा जाणार होता, माझा नाही. तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथे पत्राबद्दल कुणी विचारलं नाही. वडिलांबद्दल तिघांनी विचारलं : आता कसे आहेत, तेव्हा तुला काय वाटायचं, त्यांना माफ केलंस का. तिने उत्तरं दिली. नीट दिली असावीत, कारण समोरचे मान हलवत होते.

शेवटी एकांनी विचारलं, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

तिने आदल्या रात्री प्रश्न लिहून नेला होता. "क्षेत्रकार्य फक्त दिवसाच असतं का? म्हणजे, शनिवार-रविवार किंवा संध्याकाळी करता येतं का? मला नोकरी सोडणं जमणार नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधल्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "ते प्रवेश झाल्यावर बघू."